वन्स मोअर नको!

दिवाळी अंकात कुणाशी भांडू नये असा एक संकेत आहे. चकलीच्या शेजारी कारले कशाला, असे संपादक म्हणतात आणि वाचकही मनात तेच म्हणत असावेत. परंतु वाचकहो, फराळाच्या ताटात चिवडा असतो, आणि चिवड्यात मिरची नसेल तर त्याला चिवडा कोण म्हणेल? तेव्हा हा लेख मिरचीचा तुकडा समजून बाजूला काढून ठेवलात तरी माझी हरकत नाही. पण तळणाऱ्याने ती टाकलीच पाहिजे. माझे भांडण दूरच्या कुणाशी नाही, आपल्याशीच आहे. विषय मात्र दूरचा आहे. बर्मिंगहॅमचा.

२०२५ च्या जुलैत ऑझी ऑस्बोर्न नावाचा इंग्रज गायक वारला. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत ती बातमी मोठ्याने वाचली गेली आणि तिच्यावर जो परिसंवाद झाला तो असा. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "शहात्तर वर्षांचा थेरडा डोळ्यांत काजळ घालून ओरडायचा म्हणे. या वयात हरिपाठ म्हणावा माणसाने!" दुसरे जरा आधुनिक. ते म्हणाले, "तसे नाही हो, यांचे जुने काम चांगले होते. १९७० चे. पुढचे सगळे पैशासाठी."

पहिल्या गृहस्थांशी माझे वैर नाही. त्यांना ते संगीत आवडत नाही आणि आवडत नाही असे ते सांगतात. हा प्रामाणिकपणा झाला. माझा राग आहे तो दुसऱ्यांवर. ज्याला काही आवडत नाही त्याच्यापेक्षा ज्याला फक्त जुनेच आवडते तो कलावंताचा मोठा शत्रू असतो, असे माझे मत आहे आणि ते मी आज सिद्ध करणार आहे. या रोगाला आपल्या मराठी मुलुखात एक नाव फार पूर्वीच मिळालेले आहे. 'वन्स मोअर!'

आता हे लोक कोण, ते सांगितले पाहिजे. कारण दिवाळी अंक घरातली सगळीच माणसे वाचतात आणि घरातल्या मुलांना ठाऊक असलेली गोष्ट आजोबांना ठाऊक असेलच असे नाही. बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या भागातली ही चार पोरे. टोनी आयोमी गिटार वाजवी, गीझर बटलर बेस गिटार वाजवी आणि गाण्यांचे बोल लिही, बिल वॉर्ड तालवाद्ये सांभाळी आणि ऑझी गाई. १९६८ साली त्यांनी एकत्र वाजवायला सुरुवात केली आणि पुढे एका भयपटाच्या नावावरून आपल्या संचाला 'ब्लॅक सॅबथ' असे नाव दिले. आपल्याकडे मित्रमंडळांना सिनेमाची नावे देतात, तसाच हा प्रकार. त्यात सैतानाची उपासना शोधणाऱ्यांनी उगाच कष्ट घेतले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, त्यांचा पहिला अल्बम आला. तो जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. त्याच सप्टेंबरात दुसरा आला, 'पॅरानॉइड', आणि तो इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. ज्याला आज जग हेवी मेटल म्हणते त्या जड, काळ्या, धातूच्या संगीताचा उगम तेथे धरला जातो.

हा धातू आला कुठून? रसिकतेच्या पुस्तकातून नव्हे. ॲस्टन ही कारखान्यांची वस्ती होती. युद्धातल्या बाँबहल्ल्यांनी पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत ही मुले खेळली. ऑझीने कत्तलखान्यात काम केले, आणि त्याआधी मोटारींचे हॉर्न वाजवून तपासण्याचे. (दिवसभर हॉर्न ऐकणाऱ्या मुलाने पुढे हळू आवाजात भावगीते गावीत अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा द्वारका चौकात उभे राहून पाहावे.) आणि आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत असे. सतरा वर्षांचा असताना त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जाणारच नव्हता. आईने म्हटले, काम पुरे करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला प्रेसवर बसविले. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे शेंडे घेऊन गेला. हा मुलगा डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

नाशिककरांना ही गोष्ट परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, सातपूर उभे राहिले, मग अंबड; द्राक्षाच्या आणि देवळांच्या गावाने प्रेसचा आवाज ऐकायला सुरुवात केली त्याला आता साठ वर्षे होत आली. पॉवर प्रेसवर बोटे जातात हे या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा एका लहान कारखान्यात प्रेसवर लागला आणि वर्षभरात दोन बोटांची पेरे घालवून आला. त्या कारखान्याचे नाव मी लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एकाचा नाही. मुद्दा असा की, मुलाने चार दिवसांनी मला जे विचारले ते नुकसानभरपाईविषयी नव्हते. तो गणपतीत ढोल वाजवीत असे. त्याने विचारले, "सर, टिपरू धरता येईल का?"

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात माणसाचा हिशेब मांडला होता. मधल्या बोटाचे एक पेर गेले तर कमावण्याची शक्ती सात टक्क्यांनी घटली असे धरावे. अनामिकेचे एक पेर गेले तर पाच. हाडाला न लागता नुसता शेंडा उडाला तर चार आणि दोन. मी गणित शिकवीत नाही, पण ही बेरीज मला येते. त्या हिशेबाने आयोमीचे नुकसान सहा ते बारा टक्क्यांच्या आत बसते. डॉक्टरांनी त्याला सांगितले की वादन विसरून जा. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने मात्र घरी येऊन त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. आगीत हात भाजल्यानंतर हा माणूस दोन बोटांनी गिटार वाजवीत असे. मग या पोराने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटविले, आणि पुन्हा बसला. तारा टोचत, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे त्या सैल करून सूरच खाली उतरविला. सूर खाली उतरला तसा आवाज जड झाला, काळा झाला. त्या आवाजाने पुढे निम्मे जग वेडे केले. त्या परिशिष्टात या आवाजाची नोंद करायला रकाना नव्हता.

इतके सांगितले ते अशासाठी की, हे 'जुने चांगले काम' म्हणून ज्याची पूजा होते ते काम जुने होते तेव्हा नवे होते. ते कुठल्याही जुन्या कामासारखे नव्हते. गरजेतून, अडचणीतून, तुटलेल्या हातातून ते निघाले. १९७० साली समीक्षकांनी त्याची टिंगल केली. मग ते जुने झाले. आणि एकदा ते जुने झाल्यावर त्याच टिंगलखोरांच्या पुढच्या पिढीने त्याचा देव्हारा केला आणि देव्हाऱ्यापुढे त्या चौघांनाच बसविले: वाजवा, तेच वाजवा, पुन्हा वाजवा.

१९७९ साली ऑझीला संचातून काढले. कारण दारू, अमली पदार्थ आणि भांडणे. यातले काहीही मी झाकू इच्छीत नाही. नंतर माणसे आली, गेली. मूळ मंडळी अधूनमधून एकत्र येऊन जुनी गाणी वाजवीत. लोक गर्दी करीत. परंतु ऑझीसह नवा अल्बम १९७८ नंतर निघाला नव्हता. तो निघाला जून २०१३ मध्ये. नाव '१३'. तेव्हा आयोमी पासष्टीचा होता, ऑझी चौसष्टीचा, बटलर त्रेसष्टीचा. आपल्याकडे शाळामास्तराला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देतात. त्याच वयाच्या पुढे सात वर्षे गेल्यावर या माणसाने नवी धून बांधली. आणि कोणत्या अवस्थेत? २०१२ च्या जानेवारीत त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. उपचार चालू, अंगात त्राण नाही. उपचारांच्या मधल्या दिवसांत जमेल तसे वाजवायचे. ज्या हाताला सतरा वर्षांचा असताना 'पुरे' म्हणून सांगितले होते त्याच हाताला पासष्टीत दुसऱ्यांदा 'पुरे' सांगितले गेले. त्याने दोन्ही वेळा ऐकले नाही.

अल्बम इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. 'पॅरानॉइड'नंतर जवळजवळ त्रेचाळीस वर्षांनी. अमेरिकेत तर तो त्यांचा पहिलाच पहिला क्रमांक. आता माझे आधुनिक सहकारी म्हणतात तसे ते पैशासाठी होते का? असेलही. पैसा मिळाला यात शंका नाही. पण मला एक सांगा, दिवाळी अंकात कथा लिहिणारा लेखक मानधनाचे पाकीट परत पाठवितो काय? पैशासाठी काम करणे हा गुन्हा नाही; पैशासाठी वाईट काम करणे हा गुन्हा आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की काम कसे आहे. आणि ते ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. येथेच बहुतेकांची पंचाईत होते.

मी ऐकले आहे. प्रेसवर बोटे गेलेल्या त्या मुलानेच आग्रह करून ऐकविले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजी शाळेपुरते. तो शब्द सांगे, मी अर्थ लावी. आठ गाणी आहेत. त्यांतली सगळीच मला आवडली असे मी म्हणणार नाही. पहिले गाणे आहे त्याचा आरंभ १९७० च्या पहिल्या गाण्याच्या चालीवर इतका बेतलेला आहे की आपण जुनीच तबकडी लावली की काय असे वाटावे. चौथे शांत गाणे आहे, 'झाइटगाइस्ट'. तेही 'पॅरानॉइड'मधल्या एका शांत गाण्याची सावली आहे. यात दोष वादकांचा थोडा आणि निर्मात्याचा जास्त. रिक रुबिन हा अमेरिकन निर्माता फार नाणावलेला. त्याने या तीन म्हाताऱ्यांना बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकविला आणि सांगितले की, हेच पुन्हा पकडा. म्हणजे प्रेक्षागृहातला 'वन्स मोअर' ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरला! प्रेक्षक निदान तिकीट काढून ओरडतो.

परंतु सातवे गाणे घ्या, 'डॅमेज्ड सोल'. संथ, लांबच लांब, जुन्या ब्लूजच्या अंगाने जाणारे. ऑझी त्यात मधूनच तोंडाचा बाजा वाजवितो. हे गाणे वीस वर्षांच्या पोरांना वाजविता आले नसते. वीस वर्षांच्या पोराला घाई असते. येथे घाई नाही. सुरावर सूर असा ठेवला आहे जसा म्हातारा माणूस जिना उतरताना पाऊल ठेवतो: आधी पायरी चाचपायची, मग भार टाकायचा. बटलरच्या बोलांत मरणाची भीती आहे, आणि कायमचे जगण्याचीही तेवढीच भीती आहे. एका गाण्याच्या नावात देव मेला असे म्हटले आहे, पण पुढे प्रश्नचिन्ह आहे. मला त्या चिन्हाचे महत्त्व वाटते. विशीतला माणूस उद्गारचिन्ह घालतो, साठीतला प्रश्नचिन्ह. हे नवे आहे. हे १९७० मध्ये नव्हते, असणे शक्य नव्हते.

अल्बमच्या अगदी शेवटी पाऊस पडतो, ढग गडगडतात, चर्चची घंटा वाजते. पहिल्या अल्बमची सुरुवात अगदी अशीच होती. पुष्कळांना यात गतकाळाची हुरहूर ऐकू आली. मला वाटले, ज्या दाराने आत आलो ते दार स्वतःच्या हाताने लावून घ्यावे असा हा त्यांचा विचार दिसतो. आता पुन्हा बोलावू नका.

आपण त्यांना बोलावलेच. पण ते नंतर. आधी घरचे पाप पाहू.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. जन्म १८८८. त्यांच्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळत आणि नाटके पहाटेपर्यंत चालत, या कथा सांगताना आजही आपले ऊर भरून येतात. एकेक पद चार-चार वेळा, सहा-सहा वेळा. याला आपण रसिकता म्हणतो. १९११ साली पोटचे मूल गेले त्याच दिवशी हा माणूस 'मानापमाना'त भामिनी म्हणून उभा राहिला, आणि त्या गोष्टीचेही आपण कौतुकच करतो. कुणी तरी त्या रात्री 'वन्स मोअर' न ओरडता घरी गेला असेल का, असा विचार करीत नाही. मग बोलपट आले, कंपनीवर कर्ज होते, आणि १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली, गंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषाची भूमिका! वय सत्तेचाळीस. आयुष्यभर स्त्रीवेषात वावरलेल्या नटाने दाढीमिशा लावून नवे काही करून पाहिले. आणि आपण? आपल्याला ते रुचले नाही. आपल्याला सिंधू हवी होती, भामिनी हवी होती, तोच शालू, तोच नाकातल्या नथीचा झोक. प्रभातमध्ये त्यांचा दुसरा चित्रपट झाला नाही. ते पुन्हा रंगभूमीवर आले, पुन्हा शालू नेसले. पन्नाशी उलटली, देह सुटला, पुढे पायांनी दगा दिला, तरी आपले ओरडणे चालूच. १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिले, १९६७ च्या जुलैत ते गेले.

मला सांगतात की ते प्रेम होते. होते ना! मी नाही कुठे म्हणतो? पिंजऱ्यातल्या पोपटाला डाळ-मिरची देणाराही त्याच्यावर प्रेमच करीत असतो.

बालगंधर्वांच्या उतारवयातल्या भूमिकांविषयी लिहिणारे लोक 'आवाज मात्र तसाच होता' असे एक वाक्य हमखास लिहितात. हे वाक्य स्तुतीचे आहे असे त्यांना वाटते. अहो, पन्नास वर्षे जगलेल्या, कर्ज भोगलेल्या, मुले गमावलेल्या माणसाचा आवाज तसाच कसा राहील, आणि राहावा तरी का? त्या आवाजात काय नवे आले होते हे कुणी ऐकलेच नाही, कारण सगळे जुने ऐकायला बसले होते.

आणि आमचे नाशिककर तात्यासाहेब शिरवाडकर! त्यांचा 'नटसम्राट' रंगभूमीवर आला १९७० च्या डिसेंबरात. म्हणजे ब्लॅक सॅबथचे पहिले दोन अल्बम आणि आपला अप्पासाहेब बेलवलकर एकाच वर्षाचे. निवृत्त नट जुन्या भूमिकांची भाषणे म्हणत राहतो आणि आपण रडतो. अर्धशतकाहून अधिक काळ रडत आलो आहोत. पण नाटक पाहून बाहेर आल्यावर गावातल्या एखाद्या वृद्ध नटाला 'तुम्ही आता नवे काय करीत आहात?' असे विचारणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही. 'तेव्हाचे ते एक म्हणून दाखवा ना,' असे विचारणारे शेकडो पाहिले.

कोणी म्हणेल, नाटकाचे राहू द्या, इंग्रजी बँडच्या पुनरागमनाशी महाराष्ट्राचा काय संबंध? संबंध आहे. या प्रकाराचा जवळचा मासला मुंबईतच घडला, आणि तोही ब्लॅक सॅबथच्या एक वर्ष आधी. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा संच निघाला. त्या काळी आपल्या महाविद्यालयांतून रॉक म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. श्रोते तीच मागत; जो जितका हुबेहूब तो तितका थोर. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे मंडळींनी ठरविले की आपण आपली स्वतःची गाणी वाजवायची. अशा श्रोत्यांपुढे स्वतःची गाणी वाजविणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबीऐवजी स्वतः शोधून काढलेले पक्वान्न वाढण्यासारखे आहे. मोठ्या छातीचे काम. १९८८ मध्ये पहिला अल्बम, १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, १९९७ मध्ये संच मोडला. तेरा वर्षांनी, २०१० साली, ते पुन्हा एकत्र आले. आणि २०१२ मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला. त्याचे नाव 'इव्हॉल्व्ह'.

नाव पाहा. विकसित व्हा, बदला. पुनरागमन करणाऱ्याने जुन्या गाण्यांचा संग्रह काढला असता तर सोपे होते. 'टॉप ऑफ द रॉक' हे त्यांचे जुने गाणे ज्यांनी तरुणपणी ऐकले होते ते आता पैसेवाले झाले होते, त्यांनी तो डोळे मिटून घेतला असता. या मंडळींनी तसे केले नाही. नवे वादक घेतले, नवी गाणी केली, जुन्या गाण्यांपेक्षा अधिक गुंतागुंतीची आणि अधिक गंभीर. याला मी पुनरागमन म्हणतो. आता महाराष्ट्राने या अल्बमचे काय केले? इंग्रजी वृत्तपत्रांनी दखल घेतली. मराठीत त्यावर लिहिलेले निदान माझ्या वाचनात आले नाही, आणि मी वाचनालयात बराच वेळ घालविणारा माणूस आहे. महेश तिनईकर नावाचा माणूस पेटी वाजवीत असता तर आपण त्याचा सत्कार केला असता, शाल-श्रीफळ दिले असते, आणि मग म्हटले असते, आता ते जुने वाजवा.

गोंगाटाचा मुद्दा राहिला. हे संगीत गोंगाटाचे आहे, असा आक्षेप नाशिकहून तरी येऊ नये. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या नाशिक ढोलाने महाराष्ट्रभर खिडक्यांची तावदाने हलविली आहेत त्या गावच्या माणसाने आयोमीच्या गिटारला गोंगाट म्हणणे म्हणजे सुरुंग लावणाऱ्याने शेजाऱ्याच्या टिकल्यांविषयी तक्रार करणे होय. शिवाय १ फेब्रुवारी २००८ रोजी 'आयर्न मेडन' हा दुसरा इंग्रज संच मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला आणि महाराष्ट्र काही बुडाला नाही. पुरे झाले यावर.

पण ब्लॅक सॅबथची बाजू घेताना एका गोष्टीवर मी पांघरूण घालणार नाही. '१३' मध्ये चौथा माणूस नाही. बिल वॉर्ड. ११ नोव्हेंबर २०११ रोजी चौघांनी एकत्र बसून पुनर्मीलनाची घोषणा केली होती. तीन महिन्यांत वॉर्डने जाहीर केले की, सही करण्याजोगा करारनामा मला मिळालेला नाही. दुसऱ्या बाजूने पुढे त्याच्या प्रकृतीचे कारण सांगितले गेले. तालाला ब्रॅड विल्क हा तरुण अमेरिकन वादक घेतला. वादक उत्तम, यात वाद नाही. परंतु ज्या अल्बमचे सारे मोल 'म्हातारे हात काय करू शकतात' यात आहे, त्या अल्बमातून एका म्हाताऱ्याचे हात कराराच्या कागदावर अडावेत? त्याचा ताल संथ पडला असता तर पडला असता. त्या संथपणाने 'डॅमेज्ड सोल' आणखी खोल गेले असते, असे माझे कान मला सांगतात. येथे त्या तिघांनी आणि त्यांच्या भोवतालच्या व्यवस्थापकांनी तेच केले जे आपण प्रेक्षक करतो. त्यांना पूर्वीचा वॉर्ड हवा होता. आजचा समोर उभा होता तो चालला नाही. कारखान्यातून आलेल्या पोरांनी कारखानदाराचा हिशेब शिकावा याचे मला वाईट वाटते.

आणि आता, आपण त्यांना परत कसे बोलावले ते. २०१७ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. दौऱ्याचे नावच 'शेवट' असे होते. त्या रात्री ऑझीच्या काळातली सत्तरीच्या दशकातलीच गाणी झाली. '१३' मधले एक नाही. चार वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकावर गेलेला अल्बम जणू निघालाच नव्हता. लोकांनी डोळे पुसले आणि ते तृप्त होऊन घरी गेले.

मग ५ जुलै २०२५. ॲस्टनमधलेच फुटबॉलचे मैदान, व्हिला पार्क, ऑझीच्या बालपणीच्या घराजवळचे. कार्यक्रमाचे नाव 'बॅक टू द बिगिनिंग', म्हणजे पुन्हा आरंभाकडे. मिळकत कंपवातावरच्या संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णसेवेसाठी दिली जाणार होती. त्या दानाला मी हात जोडतो. ऑझीला स्वतःला कंपवात. चालता येत नव्हते. त्याला काळ्या सिंहासनावर बसवून वर आणले. आयोमी, बटलर, आणि या वेळी बिल वॉर्डही. चौघे एकत्र, वीस वर्षांनी. वॉर्ड अंगातला सदरा काढून वाजवीत होता, वय सत्त्याहत्तर. २०१२ साली जो चालत नव्हता तो तेरा वर्षांनी आणखी म्हातारा होऊन चालला, कारण आता जुनेच वाजवायचे होते.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

त्या संध्याकाळी चौघांनी मिळून चार गाणी वाजविली. 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. चारही १९७० ची.